गुठळी आणि हिचा पोहण्याचा क्लास

१ मार्च

ही वही मुळात माझ्या कामांची. डावीकडे पत्ता, मधे तक्रार, उजवीकडे काय केलं ते. लेकीला म्हटलं, लिहायला काहीतरी आण, तर तिने गाडीतून हीच उचलून आणली. मग रीतसर भरूनच टाकतो.

पत्ता : इस्पितळ, हृदयविभाग, खिडकीजवळचा पलंग. तक्रार : छाती. काय केलं : मनगटातून तार घालून चोकअप मोकळा केला आणि आत जाळीची बारीक नळी बसवली.

बत्तीस वर्षं मी दुसरं काय करत आलोय? टेबलावर झोपवून तार आत सरकवत होते तेव्हा मी विचारलं, "किती मापाची नळी?" मास्कमागून उत्तर आलं, "तीन मिलिमीटर." मी म्हटलं, "नाजूक काम आहे. घाई नको. माझी पुढची सगळी कामं रद्द आहेत." कोणीतरी फिसकन हसलं.

झालं असं की पंचवीस तारखेला सकाळी नऊला लॉन्ड्रीत मशिनमागचा पाइप जोडत होतो. छातीवर कोणीतरी भरलेला गिझर आणून ठेवल्यासारखं झालं. वाटलं, पित्त. जोड अर्धवट टाकून उठणं माझ्या स्वभावात नाही. पूर्ण केला, पाणी सोडून पाहिलं, टिपूस गळत नव्हता. मग पुढचं कामही उरकलं. घरी पोचलो दुपारी तीनला. हिने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि पायात चपला सरकवल्या. गाडीची किल्ली माझ्या हातून काढून घेतली आणि थेट इथे आणलं.

सहा तास वाया घालवलेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा तुकडा तेवढ्यात कामातून गेलाय.

गेला तर गेला. मी उरलोय! खिडकीबाहेर एक माणूस शिडीवर चढून दिवा पुसतोय. इतका सुंदर दिवा मी जन्मात पाहिला नव्हता.

२ मार्च

आज इस्पितळातला टोस्ट खाल्ला. थंड, चिवट, बिनलोण्याचा. डोळ्यांत पाणी आलं. ट्रे नेणाऱ्या बाईंना म्हटलं, "असा टोस्ट कुठे मिळत नाही हो." त्या म्हणाल्या, "मिळू नयेच."

नर्स सुंदर. रक्तदाबाचा पट्टा सुंदर. ही खुर्चीत बसून पेपर वाचत होती. तीच बातमी, तेच पान, तासभर. म्हटलं, "अगं, पान उलट." म्हणाली, "लांबलचक बातमी आहे." पेपर उलटा धरला होता. हिला चष्मा बदलायला हवाय.

३ मार्च

छातीवर जेल लावून हृदयाचं चित्र बघतात, तो इको. यंत्र फिरवणारी मुलगी माझ्या विनोदांवर दोनदा हसली. तिसऱ्या वेळी हसली नाही. विनोद तिसराच सगळ्यात चांगला होता. तिने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनीही पडद्यावर बोट ठेवून काहीतरी मोजलं.

डाव्या कप्प्याच्या टोकाशी रक्ताची गुठळी जमलीय. अठरा मिलिमीटर. पहिल्या दिवशी नव्हती, या सहा दिवसांत झाली. मी पडद्यावर पाहिली. राखाडी, छोटीशी, प्रत्येक ठोक्याला जराशी डुलते. म्हटलं, "ही तर नाचतेय."

"तेच नकोय आम्हाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

४ मार्च

आज मला वर्गात पहिला नंबर मिळाला!

डॉक्टरीणबाईंनी याच वहीच्या मागच्या पानावर हृदय काढलं. पेरूसारखं दिसत होतं. म्हणाल्या, "मार लागला की शरीर तिथे सफाईची टोळी धाडतं. मेलेलं मांस उचलायला. टोळी आली की सूज येते. ती यावी लागते, त्याशिवाय जखम भरत नाही. पण तुमच्याकडे टोळी जरा जास्तच आलीय आणि तिचा धिंगाणा चाललाय. रक्तातल्या सुजेचा आकडा खूप वर आहे. भिंतीचा आतला गुळगुळीत थर खरबरीत झालाय, आणि सुजेमुळे रक्तही चिकट झालंय."

"आणि भिंत हलत नाही," मी म्हटलं, "म्हणून पाणी कोपऱ्यात साठून राहतं."

"रक्त."

"तेच ते. पाइप आतून खरबरीत, पाणी गढूळ आणि प्रवाह नाही. तिथे गाळ धरणार नाही तर काय होणार?"

त्या म्हणाल्या, "हे विद्यार्थ्यांना समजवायला मला अख्खा तास लागतो."

ऐकून मी पलंगावर चार बोटं वर झालो असेन.

रक्त पातळ ठेवायची गोळी तीन महिने. गोळी गुठळीला विरघळवत नाही, वाढू देत नाही. जुनी गुठळी शरीर हळूहळू स्वतःच खाऊन टाकतं. रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा दोन ते तीनच्या मधे हवा, म्हणून दर आठवड्याला तपासणी. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव.

मी खुशीत होतो. हिने मधेच विचारलं, "सुटली तर?"

"सुटली तर रक्ताबरोबर कुठेही जाईल. मेंदूकडे जायची भीती जास्त."

"मग काय दिसतं, ते सांगा." डॉक्टरीणबाईंनी सांगितलं : तोंड एका बाजूला उतरतं, हात खाली पडतो, बोलणं बिघडतं. हिने बॉलपेन काढून तळहातावर लिहून घेतलं. म्हटलं, "अगं, वही आहे की इथे." म्हणाली, "वही घरी राहते. हात बरोबर असतो."

९ मार्च

घर! काल आलो. जिना थांबत थांबत चढलो. घराचा वास घेत दारातच दोन मिनिटं उभा राहिलो, तर शेजारीण म्हणाली, "किल्ली विसरलात का?" म्हटलं, "नाही हो, तुमचे पडदे बघतोय. काय रंग आहे!" तिने घाईघाईने दार लावून घेतलं.

हिचे नियम : वजन उचलायचं नाही. रागवायचं नाही. पालक रोज तेवढाच, कमी नाही जास्त नाही, नाहीतर गोळीचा हिशेब बिघडतो. कामाचा फोन तिच्याकडे. हत्यारांच्या खोलीला कुलूप, किल्लीही तिच्याकडे. "ग्राहकांना काय सांगितलंस?" तर म्हणे, "सोय केलीय." म्हणजे तीन महिने बंद आहे असं सांगितलं असणार.

कुलूप लावलं म्हणून रागावणार होतो, पण रागवायचंच नाही असा नियम आहे.

१४ मार्च

ही पोहायला जायला लागलीय!

लग्नाला एकतीस वर्षं झाली. या बाईला मी घोट्यापलीकडे पाण्यात उतरलेलं पाहिलेलं नाही. चार दिवस झाले, रोज दुपारी दोनला जाते, पाचला येते. केस ओले, बाह्या ओल्या. म्हटलं, "बाह्या कशा भिजल्या?" म्हणाली, "तिथे शॉवर फार जोरात आहे."

लेकीला फोन करून सांगितलं, "तुझी आई पोहते!" तिला ठसका लागला. बराच वेळ खोकत होती. म्हटलं, पाणी पी. म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला काही विचारत बसू नका. तिला लाज वाटेल." बरोबर आहे. या वयात काही नवं शिकायचं म्हणजे लाज वाटतेच.

मला हिचा इतका अभिमान वाटला की संध्याकाळी तिच्यासाठी टॉवेल घडी करून ठेवला. ही टॉवेलकडे बघत उभी राहिली. चारही दिवस ही टॉवेल न्यायलाच विसरली होती.

२० मार्च

आमच्या धंद्यातला प्रतिस्पर्धी, ज्याला मी वीस वर्षं टेपवाला म्हणत आलो (गळतंय तिथे टेप गुंडाळतो आणि पळतो), त्याला आज फोन केला. म्हटलं, तुझ्याबद्दल मी बरंच वाईट बोललोय, तू वाईट माणूस नाहीस.

तो आधी घाबरला. त्याला वाटलं मी निरोपाचा फोन केलाय. मग म्हणाला, "खरं सांगू? परवा लॉन्ड्रीत गेलो होतो. मशिनमागचा नवा जोड पाहिला. असला सफाईदार जोड तुझ्या हातून मी आधी पाहिला नव्हता. हात सुधारलाय तुझा."

छातीत झटका येत असताना केलेला जोड! आणि तो आयुष्यातला सगळ्यात सफाईदार! ही आल्या आल्या सांगितलं. ही म्हणाली, "खरंच असं म्हणाला?" आणि लालबुंद झाली. नवऱ्याचं कौतुक ऐकून एवढं खूश झालेलं मी हिला कधी पाहिलं नव्हतं. दोनदा परत सांगायला लावलं.

२७ मार्च

रक्ताचा आकडा २.६. एकदम मधोमध!

हिचं माझ्यावर किती प्रेम आहे ते या आजारात कळतंय. माझं मन रमावं म्हणून जेवताना माझ्या कामातलं विचारते. आज म्हणाली, "अहो, बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपचं वॉशर उलटं बसलं तर काय होतं?" मी म्हटलं, "थेंब थेंब गळतं, पण लगेच नाही, तासाभराने." "आणि गंज धरलेला नट निघतच नसला तर?" मी कागदी रुमालावर चित्र काढून दाखवलं : गरम फडकं गुंडाळायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग पाना. हिने रुमाल नीट घडी करून खिशात ठेवला.

माझी चित्रं जपून ठेवते!

एकच तक्रार, त्या तलावाबद्दल. हिच्या कपड्यांना पाण्यात टाकतात त्या औषधाचा वास यायला हवा, येतो तुंबलेल्या गटाराचा. काल केसांत पांढऱ्या टेपचा तुकडा अडकलेला होता. बोटांची पेरं सोलवटलेली. म्हणे, कठड्याला आपटली. पाणीही बदलत नसणार, टेप लावून फरशा चिकटवल्या असणार. टेपवाल्याचंच काम दिसतंय. मी तलावाच्या व्यवस्थापकांना खरमरीत पत्र लिहायला घेतलंय.

४ एप्रिल

दाढी करताना नाकातून रक्त आलं. थांबेना. वीस मिनिटं बेसिनवर वाकून उभा. बेसिन लाल. ही बाहेर गेलेली. मी सगळं धुऊन काढलं. तिला सांगितलं नाही, उगाच काळजी करत बसेल.

आज मात्र पहिल्यांदा टरकलो. खरं लिहितो. वीस मिनिटं मला कुठलाच दिवा सुंदर दिसला नाही.

मग डोकं लावलं. पाण्याचा दाब जास्त झाला की काय करतात? कॉक अर्धा बंद करतात. उद्यापासून अर्धी गोळी.

१० एप्रिल

अर्ध्या गोळीवर एकदम झकास! नाक गप्प. कधी कधी तर तीही राहून जाते. आज तपासणीचा दिवस होता. ही म्हणाली, "जाऊन आलात ना?" म्हटलं, "आलो की." आलो होतो, पण बागेतून. एकोणसाठ वर्षांचा माणूस झोपाळ्यावर बसला, मस्तपैकी उंच झोका घेतला. शेजारच्या झोपाळ्यावरच्या मुलीने विचारलं, "तुमचा नंबर कधी संपणार?" म्हटलं, "संपणार होता, पण वाढवून मिळाला."

इतकं बरं वाटणाऱ्या माणसाच्या आत काही वाईट असूच शकत नाही. पुढच्या आठवड्यात जाईन तपासणीला.

१८ एप्रिल. पुन्हा इस्पितळ

उजव्या हाताने लिहितोय. हे वाक्य लिहिता आलं याचा आनंद कोणाला सांगू?

परवाची गोष्ट. दुपारी ठरवलं की हिला चकित करायचं. तलावावर जायचं, काठावर बसायचं, हिने टोकाला हात लावला की टाळ्या वाजवायच्या. लेकीने आणलेला नवा शर्ट घातला. पत्रही बरोबर घेतलं, व्यवस्थापकांना हातोहात देऊ म्हणून.

फाटकाला साखळी. पाटी : दुरुस्तीसाठी जानेवारीपासून बंद. आत बघितलं तर तलाव कोरडा ठणठणीत, तळाला पाला.

मी तिथे उभा. डोक्यात काय काय आलं ते लिहीत नाही. एकतीस वर्षांनी ही रोज दुपारी दोन ते पाच जाते कुठे? आणि लालबुंद कशाला झाली होती? चालत निघालो, पायांना दिशा नव्हती. दोन गल्ल्या ओलांडल्या आणि दातवाल्या डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर माझी गाडी उभी. माझी! मागचं दार उघडं, आत माझे पाइप. कोणीतरी चोरलीय असं वाटून तसाच आत घुसलो.

खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडं टाकून, गालात कापूस, ताटकळत पडलेले. दातवाले डॉक्टर जमिनीवर गुडघे टेकून टॉर्च धरून बसलेले. बेसिनखालच्या कपाटातून दोन पाय बाहेर. माझे कामाचे बूट, आत मोज्यांचे बोळे कोंबून घट्ट केलेले. आणि आवाज आला, "डॉक्टर, टॉर्च जरा डावीकडे. गरम फडकं झालं असेल तर द्या."

मला कळायला किती वेळ लागला असेल? तीन सेकंद. गटाराचा वास, टेप, पेरं, रुमालावरची चित्रं आणि लॉन्ड्रीतला तो जोड. तो जोड माझा नव्हताच!

मी खाली वाकून म्हटलं, "पोहणं काय म्हणतंय?"

आतून धाडकन आवाज. हिचं डोकं बेसिनला. मग ही मागे मागे सरकत बाहेर आली. कपाळाला काळं, हातात माझा मोठा पाइप पाना. माझ्याकडे बघितलं. मी हसायला लागलो. पोट धरून, भिंतीला टेकून. मग ही पण. दातवालेही. खुर्चीतले गृहस्थ कापसासकट "ऑ ऑ" करून हसत होते.

मला म्हणायचं होतं, पाना उलटा धरलायस. तोंडातून आलं, "टोपी."

सगळे आणखी हसले. मी म्हटलं, "नाही, टोपी… टोपी ओली…" माझ्या कानांना ते अगदी बरोबर ऐकू येत होतं. हातातलं पत्र खाली पडलं. उचलायला गेलो तर उजवा हात तिथे होता, पण माझा नव्हता.

हिचं हसू थांबलं. पाना खाली ठेवला, आपटला नाही, ठेवला. माझ्यासमोर आली.

"हसा."

मी हसलो.

"दोन्ही हात वर करा."

मी केले. हिच्या डोळ्यांत बघून कळलं की एकच वर गेलाय.

"डॉक्टर, रुग्णवाहिका. सांगा, हृदयात गुठळी असलेला माणूस आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, सुरुवात चार वाजून दहा मिनिटांनी. दहा मिनिटांनी, नीट सांगा." मग त्या गृहस्थांना, "तुम्ही उठा." ते उठले, हिने मला खुर्चीत बसवलं, पाठ टेकवली आणि माझा न हलणारा हात धरून ठेवला. तिच्या हाताला वंगण लागलेलं होतं. रुग्णवाहिका येईपर्यंत एकच म्हणत होती, "इथेच थांबा हं. कुठे जायचं नाही."

मी सांगत होतो की मी कुठे जाणार. टोपी, टोपी, टोपी.

१९ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. गुठळीच्या कडेचा एक कण सुटला, मेंदूतल्या बारीक नळीत अडकला आणि सुदैवाने आपोआप फुटून पुढे निघून गेला. पन्नास मिनिटांत बोलणं परत आलं. मेंदूच्या चित्रात रक्तस्राव नाही. आता पोटात सुया टोचताहेत, रक्त पुरेसं पातळ होईपर्यंत.

"रक्ताचा आकडा १.३," त्या म्हणाल्या. "दोनच्या वर हवा होता. कसं झालं हे?"

मी छताकडे बघत सगळं सांगितलं. नाक, कॉक, अर्धी गोळी, झोपाळा.

"नाकातून रक्त आल्यावर मला फोन करायचा असतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या ग्राहकाने स्वतः मेन कॉक फिरवून ठेवला तर तुम्ही काय म्हणता?"

मी काय म्हणतो ते बायकांसमोर लिहिण्यासारखं नाही.

त्या गेल्यावर ही उठून खिडकीशी गेली. पाठमोरीच म्हणाली, "मी तुमच्यासाठी पालक मोजून शिजवते. ग्रॅमवर. आणि तुम्ही झोपाळ्यावर बसता."

"अगं, चुकलं."

"तुम्ही दोन महिने हसताय. मरायला टेकलेला माणूस टोस्टचं कौतुक करतो आणि मी तुमच्यासमोर बसून ऐकते. तुम्हाला वाटतं मी पेपर वाचत होते?"

"मग पोहण्याचं खोटं कशाला सांगितलंस?"

ती वळली. "तुम्ही घरी आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांच्या शाळेतून फोन आला. पाणी वर्गात शिरत होतं. नाही म्हणणार होते. पण तुम्ही झोपला होतात आणि मी खुर्ची ओढून तुमची छाती वर-खाली होतेय का ते बघत होते. सकाळपासून. तेवढंच करत होते. म्हटलं, जाऊन निदान मेन कॉक तरी बंद करून येऊ. तीस वर्षं तुमचे फोन घेतलेत, अर्धं काम तर फोनवरच ओळखते. तिथे पाण्यात बसून दोन तास पाइपच्या वळणावरचा तो एल्बो बदलला. त्या दोन तासांत तुमच्या छातीत काय आहे ते मला एकदाही आठवलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेले. आणि लॉन्ड्रीतला तुमचा जोड, तो गळायला लागला होता. झटका आलेल्या माणसाचा जोड तो. मी परत केला."

म्हटलं, "भीती वाटते तुला?"

"तुम्हाला नाही वाटत?"

"वाटते. त्या बेसिनवर वाकलो होतो तेव्हापासून."

"मग ते सांगत जा की मला! सगळं सुंदर सुंदर काय सांगता?"

मग ती पलंगावर माझ्या शेजारी बसली, सुईच्या बाजूला नाही, दुसऱ्या. नर्सने येऊन सांगितलं की पलंगावर बसायचं नसतं. ही म्हणाली, "लिहून घ्या तक्रार," आणि हलली नाही.

२० एप्रिल

पूर्ण गोळी. ही समोर उभी राहून देते, जीभ उचलायला लावून बघते.

४ मे

आकडा २.४. गुठळी आता अकरा मिलिमीटर, भिंतीला चपटी चिकटलेली, डुलत नाही. सुजेचा आकडा जवळजवळ नेहमीसारखा. सफाईची टोळी आवराआवर करून घरी गेली म्हणायची.

आणि मी कामावर रुजू झालोय! हुद्दा : टॉर्च धरणारा.

हिचे हात लहान, जिथे माझं मनगट अडकायचं तिथे ती कोपरापर्यंत जाते. मी स्टुलावर. सूचना करायच्या नाहीत असा नियम आहे. आज मी फक्त "अं" म्हटलं, तर कपाटातून आवाज आला, "टॉर्चला बोलता येत नाही."

घरमालकीण मला विचारत होती, "तुम्ही कोण, बाईंचे मदतनीस का?" म्हटलं, "हो. नवीन आहे. शिकतोय." इतका आनंद मला स्वतःचं नाव गाडीवर रंगवलं त्या दिवशीही झाला नव्हता.

१९ मे

आज भीती वाटली. सकाळी उजव्या हाताला मुंग्या आल्या. लगेच हिला सांगितलं. हिने हसायला लावलं, हात वर करायला लावले, तारीख विचारली, एक वाक्य म्हणायला लावलं. मी म्हटलं, "माझी बायको जगातली सगळ्यात भारी प्लंबर आहे." एकही शब्द चुकला नाही. तरी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी बोलावून घेतलं, तपासलं. हात अंगाखाली घेऊन झोपलो होतो, बस.

परत येताना दोघांनाही गाडीत हसू आवरेना. गाडी बाजूला घ्यावी लागली.

५ जून

शेवटचा इको. ही दाराशी उभी. आत ये म्हटलं तर येईना, बाहेर जा म्हटलं तर जाईना. तीच मुलगी यंत्र फिरवत होती. मी एकही विनोद केला नाही, तिला तेवढ्यानेच घाम फुटला असावा.

ती बराच वेळ एकाच जागी बघत राहिली. मग डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनीही बघितलं. पडदा आमच्याकडे वळवला.

"दिसतंय काही?"

"नाही," मी म्हटलं.

"आम्हालाही नाही. गुठळी गेली."

भिंत अजून आळशीच आहे. हृदयाची ताकद आधी बत्तीस टक्के होती, आता एकेचाळीस. पूर्ण होणार नाही कदाचित. बाकीच्या गोळ्या चालूच. पण कोपरा स्वच्छ, एकदम कोरा करकरीत. मी वळून हिला म्हटलं, "ऐकलंस?"

दारात ही नव्हती. म्हणजे होती, पण खाली. भिंतीला पाठ लावून हळूहळू घसरत जमिनीवर बसली होती, पाय सरळ पुढे, एखाद्या लहान मुलीसारखे. झटका आला तेव्हा उभी राहिलेली, टोपी म्हणालो तेव्हा उभी राहिलेली बाई. म्हणाली, "अहो, मला उठताच येत नाहीये."

डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला. सगळं ठीक. "तीन महिन्यांचं एकदम उतरलंय," म्हणाल्या. "बसू द्या जरा." नर्सने चाकांची खुर्ची आणली. ही नको नको म्हणत बसली. मी हँडल धरलं.

"अहो, वजन ढकलायचं नाही!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सपाटीवर चालेल. हळू."

सपाटीवर हळूच नेलं. मग कॉरिडॉर संपला आणि उतार लागला. लांबलचक, रुंद, गुळगुळीत, खाली थेट काचेच्या दारापर्यंत. मी काहीच केलं नाही. खुर्चीनेच वेग घेतला. मी फक्त सोडली नाही.

"अहो!" ही ओरडली. "अहो, थांबवा! अहो!" आणि मग हसायला लागली. अशी हसली की दोन्ही हात वर गेले. दोन्ही! भिंतीवरच्या पाट्या पळत होत्या, एक डॉक्टर चहाचा कप घेऊन भिंतीला चिकटले, माझे बूट सट सट वाजत होते. खालून पहारेकरी धावत आला, "ओ काका! इथे पळायचं नाही! पेशंट कोण आहे?"

"मी!" मी ओरडलो.

"मी!" ही पण ओरडली.

काचेचं दार आपोआप उघडलं आणि आम्ही तसेच उन्हात गेलो.